खल, हळद आणि बॉल मिल

वैद्यांच्या घरीं वाढलेल्या वाचकांस कज्जली ठाऊक असेलच. चकाकणारा पारा आणि पिवळें गंधक खलांत घालून तासन् तास घोटलें कीं दोहोंचा मूळ रंग लोपून काळीभोर भुकटी उरते. (पारा विषारी असल्यामुळें हा प्रयोग घरीं मात्र कोणी करूं नये.) विस्तव नाहीं, पाणी नाहीं, मद्यार्क नाहीं, केवळ घोटण्यानें रासायनिक संयोग घडून येतो. आमच्या रसवैद्यांचा हा जुना अनुभव आज जगाच्या प्रयोगशाळांत नव्या कारणासाठीं तपासला जात आहे.

तेथील खल म्हणजे बॉल मिल. एका बंद पिंपांत पदार्थाबरोबर पोलादाचे किंवा चिनी मातीचे कठीण गोळे घालून तें फिरवितात. गोळे भिंतीबरोबर वर चढतात आणि पदार्थावर कोसळतात. गति फार मंद असेल तर गोळे नुसते लोळतात. फार अधिक असेल तर ते भिंतीस चिकटून राहतात व दळण थांबतें. १ मीटर व्यासाच्या पिंपास ही मर्यादा मिनिटाला सुमारें ४२ फेऱ्यांची असते. म्हणून तें साधारण त्याच्या पाऊणपट वेगानें चालवितात.

या यंत्राचें कौतुक कां? औषधें बनवितांना लागणाऱ्या एकूण मालाच्या वजनांत निम्म्याहून अधिक भाग द्रावकांचा असतो. काम झाल्यावर तीं द्रावकें शुद्ध करावीं लागतात किंवा जाळावीं लागतात. हयगय झाली तर तीं हवेंत आणि पाण्यांत जातात. कोरडें किंवा दोन-चार थेंबांच्या ओलाव्यावर घोटून तेंच काम झालें, तर हा सारा उपद्व्याप मुळांतच टळतो.

सांगलीकरांस जवळचें उदाहरण हळदीचें. सांगलीच्या हळदीस इ. स. २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. हळदीस रंग देणारें कर्क्युमिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून तें पोटांत जाऊनहि अंगीं फारसें लागत नाहीं. हैदराबाद विद्यापीठांतील संशोधकांनीं तें रिसॉर्सिनॉल व पायरोगॅलॉल यांच्याबरोबर किंचित् ओलाव्यावर घोटून संयुक्त स्फटिक बनविले. इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार हे स्फटिक पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणांत अनुक्रमें सुमारें ५ पट व १२ पट वेगानें विरघळले. पायरोगॅलॉल विषारी असल्यामुळें हें कांहीं औषध नव्हे. परंतु वाट कोणती, हें त्यावरून दिसलें.

आतां दुसरी बाजू. सातारा जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडांचे ढीग पडतात. तीं बॉल मिलमध्यें दळलीं तर त्यांतील काष्ठतंतूंची घट्ट वीण मोडते, त्यांची साखर करणें सोपें जातें आणि त्या साखरेपासून मद्यार्क-इंधन निघूं शकतें. मग अडलें कोठें? विजेपाशीं! यंत्रास दिलेल्या शक्तीचा बराच भाग उष्णतेंत व आवाजांत जातो. चिपाडासारखा स्वस्त माल टनांनीं दळावयाचा, तर मिळणाऱ्या इंधनाच्या मानानें खर्चच जड होतो. शिवाय गोळे झिजून लोखंडाचा अंश मालांत मिसळतो, तो निराळाच. आणि वीज तरी फुकट कोठें येते? ती एक तर कोयनेच्या पाण्याची, नाहीं तर कोळशाच्या धुराची!

तात्पर्य, जेथें माल थोडा व मोलाचा आणि टळणारें द्रावक पुष्कळ, तेथें हा खल निसर्गाचा मित्र ठरतो. जेथें माल ढिगानें व कवडीमोल, तेथें तो उधळ्या ठरण्याचा संभव असतो. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं असा प्रयोग हातीं घेतला, तर वहींत दोन रकाने आंखावे: द्रावक किती वांचलें आणि वीज किती जळली. आपल्या घरांतून जमाखर्चाची वही रोज रात्रीं लिहिली जात असे. तीच शिस्त प्रयोगशाळेंत नेली, म्हणजे 'पर्यावरणस्नेही' हा शब्द मिरविण्याचा न राहतां पडताळून पाहण्याचा होईल.