ऐरणीला जागा पाहिजे

हाताला काम पाहिजे, असे सगळेच म्हणतात. पण ते काम बसून करावयास चार हात जागाही पाहिजे, हे कोणी म्हणत नाही. लोहाराला भाता व ऐरण मांडावयास छप्पर लागते, सुताराला लांब फळी आडवी टाकण्याइतके अंगण लागते, कुंभाराला माती मळावयास व भट्टी लावावयास मोकळी जागा लागते, शिंप्याला निदान उजेडाची ओसरी लागते. जुन्या गावगाड्यात बलुतेदाराची ही सोय गावातच होत असे. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचा जाच होता, आणि ती मोडली याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. परंतु ती मोडल्यावर पोटासाठी अमरावती, अकोला, अचलपूर, अकोट येथे आलेल्या कारागिराच्या वाट्याला काय आले? रस्त्याची कड! आणि त्या कडेवरूनही त्याला उठविण्याकरिता मागाहून अतिक्रमणाची गाडी आली.

दिनांक 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यास पंतप्रधानांच्या उपस्थितीत दोन कार्ये एकाच मांडवात झाली. एक, पीएम विश्वकर्मा योजनेची वर्षपूर्ती. दुसरे, अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी. उद्यानाला एक हजार एकर जागा, आणि ती तयार करण्याचे काम महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे. आमच्या कापसाचे कापड आमच्याच जिल्ह्यात होणार असेल, तर आमचा त्यास विरोध असण्याचे कारण नाही. पण त्याच मांडवात विश्वकर्म्याला काय मिळाले ते पहा. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत लोहार, सुतार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, परीट धरून अठरा धंदे आहेत. शिक्षण आहे, शिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये भत्ता आहे, हत्यारांसाठी 15,000 रुपये आहेत, पाच टक्के व्याजाने आधी 1 लाख व मग 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज आहे. हे सर्व चांगलेच आहे. नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे जागा. मोठ्या भांडवलवाल्यासाठी सरकार आधी जमीन पाहते, मग तेथवर रस्ता, पाणी, वीज नेते. लहान कारागिराच्या मात्र हाती हत्यार देते आणि म्हणते, जा बाबा, बस कोठेतरी!

यातला हिशोब तिसरीच्या मुलालाही समजेल. समजा, एका सुताराने शहरात महिना 4,000 रुपयांनी गाळा भाड्याने घेतला. चार महिन्यांत 16,000 रुपये गेले. म्हणजे सरकारने दिलेली हत्यारांची रक्कम घरमालकाच्या घरात पोचली. त्यावर पहिल्या 1 लाखाची फेड अठरा महिन्यांत करावयाची, तिचा हप्ता साडेपाच हजारांच्या वर. दोन्ही मिळून महिना साडेनऊ हजार आधी काढून ठेवावे, मग लाकूड आणावे, मग मीठमिरची. हे गणित ज्याला सुटत नाही, तो पुन्हा रस्त्यावर येतो. आणि मग शिकलेले लोक म्हणतात, यांना धंदा करता येत नाही.

कोणी म्हणेल, सरकारने धंद्याला जागा कशी पुरवावी? वऱ्हाडच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. कारंजाला 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो हिंदुस्थानातला पहिला मानतात. 1897 साली तर वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी खास कायदाच झाला. बाजाराची जागा ठरली, वजनमापाचे व दलालीचे नियम ठरले, देखरेखीला समिती नेमली. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस पाहिजे होता, तेव्हा परक्या सरकारलाही जागा सापडली! पुढे 1928 साली शेतकी रॉयल कमिशनने या पद्धतीची वाखाणणी केली, पण समितीत कास्तकाराला स्थान नाही, हे वैगुण्यही दाखविले. यातून दोन धडे मिळतात. सरकारने मनात आणले तर कायद्याने जागा मिळते, हा पहिला. आणि ज्याच्या नावाने जागा घेतली त्याचा माणूस समितीत नसेल, तर तिचा धनी दुसराच होतो, हा दुसरा.

आजही कायद्याची दारे बंद नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो. शाळा, दवाखाना, बाजार, बगीचा यांसाठी त्यात जमिनी राखून ठेवतात. मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकास हरकत व सूचना देता येते. राखलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरच्या मुदतीतही काही केले नाही, तर आरक्षण उडून जाते. म्हणजे कागदावर बाजार, आणि जमिनीवर दुसऱ्याची माडी! डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत अशीही सोय आहे की, आरक्षित जमिनीच्या मालकाने ठरलेला हिस्सा बांधून पालिकेला द्यावा व उरलेला आपण वापरावा. त्याच नियमावलीत दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा अधिक जमिनीचे भूखंड पाडताना वीस टक्के जागा लहान घरांसाठी राखावी लागते. राहण्यासाठी असा नियम होतो, तर राबण्यासाठी का होऊ नये? लंडन शहराच्या 2021 च्या आराखड्यात बाजारभावाहून कमी भाड्याच्या कामाच्या जागांसाठी स्वतंत्र धोरण आहे. इमारतीस परवानगी देतानाच तशी जागा बांधणाऱ्याकडून घेता येते. सात समुद्रापलीकडील धनाढ्य शहराला हे कळते, ते आमच्या नगरपालिकांना कळू नये काय?

मात्र नुसते गाळे बांधून भागणार नाही. जेथे गाळा लिलावाने जातो, तेथे मोठी अनामत भरणारा बोली जिंकतो. तो स्वतः बसत नाही, दुप्पट भाड्याने दुसऱ्यास बसवितो. सार्वजनिक जागा सावकारी मालमत्ता होते. म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. अमरावती व अकोला महानगरपालिकांनी, तसेच प्रत्येक नगरपालिकेने आराखड्यात कारागिरांच्या गाळ्यांसाठी जागा राखावी. ती गावाबाहेर माळावर नव्हे, गिऱ्हाईक पायी येईल अशा ठिकाणी. गाळे लिलावाने न देता धंदा करणाऱ्यासच, झेपेल अशा भाड्याने द्यावेत. पोटभाडेकरू ठेवणाऱ्याचा गाळा काढून घ्यावा. वाटपाच्या समितीत निम्मे लोक कारागीर असावेत, आणि त्यांत बायाही असाव्यात. खेड्यांत ग्रामपंचायतीने आठवडी बाजाराचे ओटे व छप्पर आधी करावे, कमान मागाहून उभारावी.

रस्त्यावर माल विकणाऱ्यांनी तर 2014 चा पथविक्रेता कायदा पाठच करावा. शहर विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आणि पाहणी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणास उठविता येत नाही, असे तो कायदा सांगतो. आपल्या गावी पाहणी झाली काय, निवडणूक झाली काय, हे प्रत्येक हातगाडीवाल्याने लेखी विचारावे.

बंधुभगिनींनो, जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, तेव्हाच कारागिरांचे धंदे बुडत असल्याचे दुःख शेतकऱ्याच्या दुःखाबरोबर मांडले होते. कारण दोघांचे घर एकच आहे. कास्तकाराचा धाकटा मुलगाच आज शहरात वेल्डिंगचे दुकान शोधत हिंडतो आहे. तेव्हा लोहाराने लोहारापुरते, शिंप्याने शिंप्यापुरते पाहू नये. आराखड्याचा नकाशा नगरपालिकेत लागला की पाच धंद्यांच्या पाच माणसांनी जावे, सोबत वाचता येणारी पोर न्यावी, बाजाराचे आरक्षण कोठे आहे ते पहावे, अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, पोच घेतलेला अर्ज दप्तरात राहतो. जो अर्ज देत नाही, त्याच्या वाटची जागा नकाशातून कधी पुसली गेली, हे त्याला कळतही नाही.