करार कोणाशी?

मित्रांसोबत बसून कथा रचणाऱ्या वाचकांसाठी हा अंक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ पासूनच्या खेळात ‘वॉरलॉक’ आपली जादू एखाद्या अलौकिक शक्तीशी करार करून मिळवतो. २०१४ च्या नियमपुस्तकातला ‘ग्रेट ओल्ड वन’ हा आश्रयदाता तर इतका अफाट, की या कराराची त्याला जाणीवही नसेल! एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९२८ मधल्या कथेतल्या क्थुलू या अलौकिक जीवाची ही परंपरा.

असा विश्वव्यापी आश्रयदाता स्वतः कल्पताना त्याच्या अक्राळविक्राळ रूपापेक्षा त्याची मागणी आम्हाला मोलाची वाटते. त्याला काय हवे? नकार दिला तर काय होईल? या उत्तरांतूनच पात्राला अंतर्द्वंद्व मिळते. अंकातले लेख याच प्रश्नांभोवती गुंफले आहेत. तुम्ही घडवलेली शक्ती आणि तिची अट आम्हाला जरूर कळवा.