‘कोणताही चार्जर चालतो’ म्हणणाऱ्यांना



कपाशीला बोंडे धरू लागली की फवारण्यांची घाई सुटते, आणि तालुक्याच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते : “न्या बिनधास्त, बारा व्होल्टचा कोणताही चार्जर चालतो.” वाक्य छोटे आहे, गोड आहे आणि खोटे आहे. त्याच्यापायी बॅटऱ्या फुगतात, पंपाची टाकी वितळते, आणि वेळ वाईट असली तर कापूस भरलेले घर पेटते. मग बोट दाखवायला शेतकरी आहेच. अडाणी होता, रात्रभर चार्जिंगला लावून झोपला, दुसरे काय होणार!

हे बोट आपल्या ओळखीचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले. औषध कोणी विकले, कोणाच्या सल्ल्याने विकले, हे प्रश्न मागे पडले आणि शेतकऱ्याने तोंडाला का नाही बांधले, हा प्रश्न पुढे आला. बॅटरीच्या बाबतीत तेच घडू द्यायचे नसेल तर आधी बॅटरी काय चीज आहे ते आपण समजून घेतले पाहिजे. भांडायला जाताना आकडे आपल्याकडे असावेत.

पाठीवरचा पंप आला तेव्हा त्याच्या बुडाशी शिशाची बॅटरी असे. बारा व्होल्ट, आठ ॲम्पिअर-तास, वजन अडीच किलोच्या आसपास. दोन हंगाम झाले की ती बसते. आता दुकानदार तिच्या जागी लिथियमचा पॅक देतो. वजन निम्म्याहून कमी, टाक्याही जास्त निघतात. वस्तू चांगली आहे, माझे तिच्याशी वैर नाही. ज्याच्या खांद्यावर सोळा लिटर पाणी लटकते त्याला दीड किलो कमी झाले तरी फरक कळतो. घोटाळा पुढे आहे. पंप जुना, चार्जर जुना, बॅटरी नवी. आणि जॅक तोच गोल, त्यामुळे शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमच्या पॅकमध्ये सहज जातो. जातो म्हणून चालतो, असा दुकानदाराचा न्याय. उसाच्या चरकात हात पण जातो!

‘बारा व्होल्ट’ हे नाव आहे, माप नव्हे. नुसते ‘लांब धाग्याचा कापूस’ म्हणून भाव ठरत नाही, धागा किती मिलिमीटर ते बघावे लागते. तसेच इथे. शिशाच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात आणि तिचा चार्जर भरताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियमचे दोन प्रकार आपल्याकडे येतात. पहिल्यात, म्हणजे साध्या लिथियम-आयनमध्ये, तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट, तिघांची मिळून १२.६. दुसरा प्रकार लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा, दुकानदार त्याला एलएफपी म्हणतात. त्यात चार सेल, प्रत्येकाची मर्यादा ३.६५, म्हणजे एकूण १४.६ व्होल्ट.

आता गणित करा. शिशाचा १४.४ व्होल्टचा चार्जर तीन सेलच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येऊ पाहतात. मर्यादा ४.२ ची. जास्तीचा भार सेलच्या आत लिथियम धातूचा थर बसवतो, दुसऱ्या बाजूला प्राणवायू सुटू लागतो, मधला पातळ पडदा वितळतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. सेलमधला द्रव जळाऊ असतो. एक सेल पेटला की शेजारच्याला तापवतो आणि तोही पेटतो. हवा तोडून ही आग विझत नाही, कारण तिची उष्णता आतूनच येते.

उलटे करा. १२.६ चा चार्जर एलएफपीच्या पॅकला लावला तर आग लागत नाही, पण सेलला ३.१५ च व्होल्ट मिळतात आणि पॅक जवळजवळ रिकामाच राहतो. शेतकरी दुसऱ्या टाकीला दुकानात परत येतो. दुकानदार सांगतो, “सेल गेले, नवीन घ्या.” सेल गेलेले नसतात. चुकीचा चार्जर त्यानेच दिलेला असतो, आणि दुसऱ्यांदा पैसे पण तोच घेतो.

“पण साहेब, आमच्या शेजाऱ्याचा दोन वर्षे चाललाच की!” चालला असेल. त्याचा पॅक एलएफपीचा असेल तर १४.४ आणि १४.६ जवळजवळ आहेत, निभावून गेले. तरीही शिशाचे काही चार्जर जुनी बॅटरी जागी करण्यासाठी मध्येच जास्त व्होल्टचे झटके देतात, ते लिथियमला सोसत नाहीत. किंवा पॅकमधल्या बीएमएस नावाच्या पट्टीने प्रत्येक वेळी प्रवाह तोडून त्याला वाचवले असेल. ही पट्टी राखणदार आहे. पण ज्वारीला राखणदार ठेवला म्हणून कोणी कुंपण मोडून ठेवत नाही. रोज रात्री मर्यादा ओलांडायची आणि पट्टीने रोज वाचवायचे, एक दिवस पट्टीच जळते. आणि स्वस्त पॅकमध्ये ती असतेच असे नाही.

म्हणून पहिला नियम. पॅकवर जो प्रकार आणि जो पूर्ण भरल्याचा आकडा लिहिला आहे, त्याच आकड्याचा लिथियमचा चार्जर घ्यायचा. दोन-तीनशे रुपयांत मीटर मिळतो, गावात चार-पाच जणांनी मिळून एक घ्या. चार्जर बॅटरीला न जोडता विजेला लावा आणि पिनवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ हवे असताना १२.७ च्या वर दाखवत असेल तर तो नको. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आकडाच दाखवत नाहीत, त्यांच्या अंगावरचे छापील वाचा. प्लस कुठे, मायनस कुठे, तेही तेव्हाच बघा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, काळी वायर प्लसला जोडलेले चार्जरही बाजारात सापडतात. ॲम्पिअर पॅकला झेपतील तेवढेच. आठ ॲम्पिअर-तासाच्या पॅकला दोन ॲम्पिअरचा चार्जर पुरतो, चार-साडेचार तासांत भरतो. एक तासात भरून देणारा शोधू नका.

जोडणी करताना मेकॅनिक हमखास चुकतात ती जागा सांगतो. बीएमएसच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरे असतात. ‘बी मायनस’ ही तार थेट सेलकडे जाते. बाहेरच्या जोडणीसाठी ‘पी मायनस’ असते, आणि काही पट्ट्यांवर चार्जिंगसाठी वेगळे ‘सी मायनस’. सी असेल तर चार्जरचा मायनस सीला, नसेल तर पीला. बीला कधीच नाही. बीला जोडला तरी चार्जिंग होते, दिवा लागतो, सगळे ठीक दिसते. फक्त राखणदाराला बगल दिलेली असते. पंप दुरुस्त होऊन आला की हे एकदा मेकॅनिकसमोर उघडून बघाच. त्याला राग आला तर येऊ द्या.

फ्यूजबद्दल लोक विचारतात, चार्जर दोनच ॲम्पिअरचा, मग फ्यूज कशाला? फ्यूज चार्जरसाठी नाही, बॅटरीसाठी आहे. वायर घासून उघडी पडली आणि प्लस-मायनस एकत्र आले तर चार्जर दोन ॲम्पिअर देईल, पण बॅटरी मागून कितीतरी पट प्रवाह ओतेल आणि वायर लालभडक होईल. म्हणून चार्जिंगच्या प्लस वायरला तीन ॲम्पिअरचा फ्यूज, आणि तोही बॅटरीच्या अगदी जवळ. लांब चार्जरच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली. पिळलेल्या तारांवर चिकटपट्टी हे जोडकाम नव्हे. औषधाच्या पाण्याने ती दोन महिन्यांत हिरवी पडते. डाग द्या, वर नळी चढवा. मात्र सेलवर थेट डाग देऊ नका, सेल तापतो. जोडताना आधी पिन पंपात, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद.

पूर्ण बसलेल्या पॅकला ‘जागे करणारे’ कारागीर हल्ली झाले आहेत. बीएमएसला वगळून थेट सेलला वीज देतात. सेल अडीच व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर आतले तांबे विरघळू लागते, आणि पुढे भरताना तेच तांबे शॉर्ट करते. असा पॅक फेकण्याचा. पण उकिरड्यावर नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून ती दुकानदाराच्या टेबलावर नेऊन ठेवा.

रानडुकरांसाठी झटका मशीन लावणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. बारा व्होल्टची म्हणून विकलेली सोलर पाटी उन्हात मोकळी मोजली तर वीस-एकवीस व्होल्ट दाखवते. ती थेट लिथियमला जोडणे म्हणजे गंजीत काडी टाकणे. मध्ये कंट्रोलर हवाच, आणि त्याच्यावर बॅटरीचा प्रकार बदलावा लागतो. बरेच कंट्रोलर शिशाच्या बॅटरीवर लावलेलेच येतात. शिवाय पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियम भरू नये. वैशाखात धुऱ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात किती होत असतील, तुम्हाला सांगायला नको. डबा सावलीत, हवा खेळती.

चार्जिंग कापसाच्या खोलीत नाही, कडब्याजवळ नाही, लेकरे झोपतात तिथे नाही. ओसरीवर, फरशीवर, आणि जागे असताना. रानातून तापलेला पंप आणला की अर्धा तास थंड होऊ द्या. पॅक फुगला, गोड-उग्र वास आला, तर चार्जिंग बंद. धूर निघाला तर हात लावायला जाऊ नका, धूर विषारी असतो. माणसे बाहेर काढा, मेन बंद करा आणि लांबून भरपूर पाणी ओता, वाटीभर नाही. संध्याकाळी पंप चार्जिंगला लावण्याचे काम बहुतेक घरांत बाईच करते, तेव्हा हे तिला वाचून दाखवा.

इथपर्यंत आपले काम झाले. आता त्यांचे.

काही शिकलेली मंडळी म्हणतात, हे तज्ज्ञाचे काम, शेतकऱ्याने हात लावू नये. मीही कृषी पदवीधर आहे, तज्ज्ञ या शब्दाला मी घाबरत नाही. रात्री बारा वाजता विहिरीवर एकटा जाऊन तीन फेजचा स्टार्टर उघडणाऱ्या माणसाला १२.६ आणि १४.६ मधला फरक कळत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा ती विहीर बघून यावी. शेतकऱ्याला कळत नाही ते वेगळेच आहे, आणि ते तज्ज्ञालाही कळणार नाही. समजा मीटरने पॅकवर १२.६ व्होल्ट दाखवले. तो काठोकाठ भरलेला लिथियम-आयन असू शकतो किंवा रिकामा होत आलेला एलएफपी. बाहेरून दोन्ही निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. आत काय आहे हे फक्त बनवणाऱ्याला माहीत, आणि त्याने ते लिहिलेले नसते. दोन ओळी छापायला काही पैसे लागत नाहीत. पण त्या छापल्या की जुन्या चार्जरसोबत नवा पॅक खपवता येत नाही!

२०२२ च्या उन्हाळ्यात शहरांत विजेच्या स्कूटर पेटल्या. ताबडतोब समिती बसली आणि डिसेंबर २०२२ पासून वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक झाले. झाले ते चांगलेच झाले. पण ते नियम वाहनांचे. शेतकऱ्याच्या पाठीवरचे ओझे वाहनात मोडत नाही. २०२४ साली राज्य सरकारने कापूस-सोयाबीनच्या योजनेत महाडीबीटीवर अर्ज मागवून शंभर टक्के अनुदानावर बॅटरीचे फवारणी पंप वाटले. वाटणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : पुढच्या वेळी निविदेत चार ओळी घाला. बॅटरीचा प्रकार, पूर्ण भरल्याचे व्होल्ट, जास्तीत जास्त चार्जिंग ॲम्पिअर, हे पॅकवर आणि चार्जरवर मराठीत छापलेले असावे. आणि लिथियमच्या पंपाचा जॅक असा असावा की शिशाचा चार्जर त्यात जाणारच नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, वापरत मात्र कोणी नाही. लिथियमच्या सेलवर आणि पॅकवर आयएस १६०४६ हे मानक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर घेऊ नका, असेल तर बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तपासा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम ८४ सांगते की योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा वस्तूसोबत दिला नाही आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. पोटासाठी स्वतः राबून वस्तू वापरणारा या कायद्यात ग्राहकच आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. लागते ती पावती. दुकानदार ‘कच्ची देतो, जीएसटी वाचेल’ म्हणाला की तिथेच थांबा. पक्की घ्या, आणि तिच्यावर त्याच्याकडूनच लिहून घ्या : पॅक अमुक प्रकारचा, चार्जर इतक्या व्होल्टचा. ‘कोणताही चालतो’ असे तो लिहून देतो का, तेही विचारून बघा.

जिल्हा बैठकीला येताना पंप, चार्जर आणि पावती तिन्ही घेऊन या. टेबलावर मीटर ठेवलेला असेल. ज्या पॅकवर काही छापलेले नाही त्यांची दुकानवार यादी तिथेच करू आणि त्याच दिवशी जिल्हा कृषी अधीक्षकांच्या हातात देऊ. पावती नसेल त्यांनीही यावे, त्यांचा चार्जर मोजून मिळेल.