पाटीवर नाव कुणाचं?

बायकांना फोटोग्राफी शिकवली, प्रमाणपत्रं वाटली, टाळ्या वाजल्या. पुढे काय?

आमच्या वस्तीतल्या दोघी-तिघी आज बारशाचे, डोहाळजेवणाचे, हळदीचे फोटो काढतात. कॅमेरा त्यांच्या हातात. पण दुकानाची पाटी नवऱ्याच्या नावाची आणि पावतीवर सही दिराची. पैसे कुणाच्या खिशात जातात, हे वेगळं सांगायला हवं?

हे आजचं नाही. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं! पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी.

२०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. तरी बँकेत बाईला ऐकावं लागतं, "मिस्टरांना घेऊन या."

आणि आपण? ८ मार्चच्या मेळाव्याला 'तू तर आपलीच' म्हणत तिला फुकट राबवतो. मंडपवाल्याचे पैसे मात्र मुकाट मोजतो. चळवळीच्या नावाखाली बाईचे श्रम फुकट वापरणं हेही शोषणच आहे, मैत्रिणींनो!

तेव्हा प्रत्येक गटानं ठरवू या: कर्ज, कॅमेरा, बँकखातं आणि पाटी तिच्याच नावावर हवी. काम सांगताना दर ठरवायचा, निम्मे पैसे आगाऊ द्यायचे. आपल्या अंकात फोटोखाली तिचं नाव छापायचं. धंद्याची याहून चांगली जाहिरात कोणती?