एकाच खोलीतील दोन उन्हाळे

सातारा जिल्ह्याचा उन्हाळा एका शब्दात सांगता येत नाही. महाबळेश्वरात चैत्रातही रात्री पांघरूण घ्यावे लागते आणि त्याच वेळी दहिवडी-म्हसवडचा माळ तव्यासारखा तापलेला असतो. सांगली जिल्ह्यातही कृष्णाकाठची हिरवाई आणि जत-आटपाडीचे रखरखीत ऊन यांत मोठे अंतर आहे. एका जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात, तशी ती एका घरात, एका खोलीतही नांदू शकतात. आजचा विषय तोच आहे.

दुपारचे तीन वाजले आहेत. ऐंशीच्या घरातील आजी अंगावर शाल घेऊन पलंगावर पडल्या आहेत. "सूनबाई, तेवढा पंखा बंद कर की. गारठा लागतोय." पन्नाशीच्या उंबरठ्यावरची सून पदराने मान पुसत म्हणते, "आत्या, माझ्या अंगातनं वाफा निघाल्यात. कसा बंद करू?" आजींना वाटते, सून हट्टी झाली आहे. सुनेला वाटते, आत्यांना आपले हाल दिसत नाहीत. घरातील पुरुष "तुमचे तुम्ही बघा" म्हणून बाहेर पडतात. अनेक घरांत उन्हाळाभर चालणाऱ्या या वादात वस्तुतः कोणीही खोटे बोलत नसते. दोघींची शरीरे दोन वेगळ्या उन्हाळ्यांतून जात असतात.

सुनेचा उन्हाळा

भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७व्या वर्षाच्या आसपास कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात, परंतु त्रासाची सुरुवात त्याआधी काही वर्षे होऊ शकते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान सांभाळतो. तापमानातील किरकोळ चढउतार तो एरवी मनावर घेत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की त्याची ही सहनशीलता आक्रसते. मग चुलीपुढची धग, गरम चहाचा एक कप किंवा बंद खोली एवढ्यानेही त्याला शरीर फार तापल्याचा भास होतो आणि तो त्वचेतील रक्तवाहिन्या एकदम रुंद करतो. छाती, मान, चेहरा लाल होतो, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते आणि काही मिनिटांनी अंग गार पडून थंडी वाजते. या वाफा वर्षा-दोन वर्षांत जातातच असे नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात त्यांचा मध्यम कालावधी सात वर्षांहून अधिक आढळला. त्यात वैशाखाची भर पडली की रात्रीची झोप तुटते. घरातील ज्येष्ठांची औषधे, पथ्य आणि उठबस जिच्या हाती, तीच अर्धवट झोपेत दिवस काढू लागते.

आजींचा उन्हाळा

आजींच्या शरीरात नेमके उलट घडते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम उशिरा आणि कमी येतो, त्वचेकडे रक्त नेऊन उष्णता बाहेर टाकण्याची शक्तीही घटते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरील औषधे हा धोका वाढवतात. सुनेला उष्णता असते त्याहून अधिक जाणवते, तर आजींना असते त्याहून कमी जाणवते. म्हणून "मला काही उकडत नाही" हे आजींचे वाक्य खरे असले, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. सून आपला त्रास बोलून दाखवते. आजींचा त्रास मात्र दुसऱ्या कोणीतरी ओळखावा लागतो.

तासगावचा बेदाणा काय सांगतो

तासगाव परिसरातील बेदाण्याची शेड आपण पाहिली असेल. द्राक्षे तेथे सावलीत, जाळ्यांवर पसरलेली असतात. कोरडे वारे त्यांतील पाणी शोषून नेते. आभाळ भरून आले, हवा दमट झाली की वाळणे रेंगाळते आणि बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. आपला घामही याच नियमाने वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो.

त्यामुळे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ओला पंचा मानेवर ठेवणे, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावणे, कूलर चालवणे हे उपाय चांगले लागू पडतात. कूलर लावताना समोरची खिडकी मात्र उघडी हवी, अन्यथा खोलीत दमटपणा साचतो. वळवाच्या आधीच्या उकाड्यात हवेतच पाणी असते. तेव्हा ओल्या पडद्यापेक्षा वाहते वारे आणि सैल सुती कपडेच उपयोगी पडतात. पंख्याविषयीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. खोलीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर पंख्याचे वारे अंग आणखी तापवू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा दुपारी ज्येष्ठांना तळमजल्यावरील किंवा कमी तापणाऱ्या खोलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे.

पंख्याचा तंटा मिटवताना

छताचा एकच पंखा दोघींना पुरणार नाही. सुनेच्या बाजूला एक टेबल फॅन ठेवावा आणि आजींचा पलंग वाऱ्याच्या थेट झोतातून बाजूला घ्यावा. दोघींनाही एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती चादरी द्याव्यात. वाफ आली की एक दूर करता येते, थंडी वाजली की पुन्हा ओढता येते. सुनेच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला रुमाल असावा.

स्लॅबचे घर दिवसभर तापून ती उष्णता रात्री खाली सोडते. गच्चीला पांढरा चुना द्यावा किंवा थोडे अंतर राखून शेडनेट ताणावे. पाणी मारणे सोपे वाटते, पण माण, खटाव, जतमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराला तो सल्ला देणे योग्य नव्हे. तेथे चुनाच बरा.

भाकऱ्या सकाळी नऊच्या आत थापून व्हाव्यात. दुपारी चूल पेटवण्याचा आग्रह घराने सोडावा. झणझणीत रस्सा, कडक चहा आणि तंबाखू यांनी काहींच्या वाफा वाढतात. चार दिवस वहीत नोंद ठेवली तर आपल्याला काय बाधते ते कळते.

आजींना "पाणी हवे का?" असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा "नको" असेच येते. दर तासाला अर्धी वाटी हातात द्यावी. माठातील पाणी, पातळ ताक, नाचणीची आंबील, पन्हे यांतील जे रुचेल ते चालेल. मधुमेह असल्यास पन्ह्यातील गूळ-साखर आणि रक्तदाब असल्यास ताकातील मीठ सांभाळावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण आणि गोळ्यांचा बदल डॉक्टरांनाच विचारावा. लघवी गडद पिवळी आणि कमी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

प्रत्येक घाम वयाचा नसतो

"वयामुळे होतंय" असे म्हणून सगळेच सोडून देऊ नये. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी करावी. हात थरथरणे, वजन उतरणे, सतत धडधड असेल तर थायरॉइड पाहावा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना एकाएकी घाम सुटला, तर आधी साखर तपासावी. छातीत दाब येऊन घाम फुटला तर थेट रुग्णालय गाठावे. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर रक्तस्रावाचा एक डाग जरी दिसला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

'पिशवी' काढलेल्या भगिनींनी शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत. गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोषही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि वाफा अधिक तीव्र असतात. आपल्या कारखान्यांच्या फडांत बीडहून येणाऱ्या ऊसतोड भगिनींचे दुःख येथे आठवते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतील अनेकींचे वय तरुण होते. ऐन उन्हात कोयता चालवणाऱ्या तिशी-पस्तिशीतील बाईच्या अंगातून वाफा निघत असतील, अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही.

वाफांवर परिणामकारक औषधे आहेत. साठीच्या आतील किंवा पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला त्रास फार असल्यास संप्रेरक उपचार देता येतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात किंवा यकृताचा विकार असल्यास ते टाळतात. अशांसाठी संप्रेरकविरहित गोळ्याही आहेत. निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांसोबत घ्यावा. शेजारणीची गोळी घेऊ नये.

धोक्याची घंटा

ज्येष्ठ व्यक्ती उन्हाच्या दिवसांत असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेना, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत. तापाची गोळी येथे काम करत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

शेवटी घरातील कर्त्या पुरुषांना एक विनंती. या उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार आजींना पाणी देण्याचे काम आपण अंगावर घ्यावे आणि त्या दोन तासांत सुनेला शांत पडू द्यावे. आणि आजी, आपली पाळी गेली त्या वर्षांत अंगातून निघणाऱ्या वाफांविषयी आपण कुणाशी बोलला नसाल, तर आज सुनेशी बोला. पंखा कुठे ठेवायचा, हे मग दोघी मिळून ठरवाल.