घाटमाथ्यावरचे आरमार

पावसाळ्यात भुशी धरणावर भिजून झाले की मंडळी टायगर पॉइंटकडे निघतात. वाटेत ‘आयएनएस शिवाजी’ लागते. डोंगरात नौदल कशाला, हा मुलांचा प्रश्न बहुधा गाडीतच विरतो. आईवडिलांचे लक्ष कणीसवाल्याकडे असते.

वास्तविक आरमार मावळाला परके नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांच्या समेटाची बोलणी झाली ती लोणावळ्याच्याच परिसरात. 1945 पासून तर जहाजांची यंत्रे सांभाळणारी माणसे इथल्या धुक्यातच घडत आली आहेत. 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’ एका बॉयलरला तडे गेलेले असताना लढली. तिचे नाव सर्वांना ठाऊक, तिच्या इंजिनघरात घामाघूम झालेल्यांची नावे कोण सांगणार?

पूर्वेच्या त्याच ताफ्यात ‘कामोर्टा’ होती आणि तिचे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी. पाण्याखाली पाणबुड्यांचे आणि सुरुंगांचे भय असताना त्यांनी शत्रूच्या बंदरांची नाकेबंदी चालवली. त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले, पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि 1983 साली निवृत्त होऊन फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहायला गेले. समुद्राचा माणूस, आणि घर माणदेशाच्या कोरड्या वाऱ्यात!

त्या युद्धाचे दिवस जेमतेम चौदा. मला मात्र या माणसाचे मोठेपण त्यानंतरच्या वर्षांत अधिक दिसते. आयुष्य बँकेत गेल्यामुळे पेन्शनच्या तारखेला येणारे कितीतरी साहेब पाहिले. पासबुक भरून घेतले की त्यांचा महिना सरत असे. आवटींच्या डोक्यात एकच ध्यास होता: भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी आधी तारण विचारले असते. नौदलाने मात्र तो मानला. त्या वेळी आवटी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

पुढे आलेला अधिकारी होता दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, 56 फुटांची. ऑगस्ट 2009 मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी 2013 मध्ये ती कुठेही न थांबता पुरी केली.

समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावणारा आपला समाज. आजही मुलाने ‘मर्चंट नेव्ही’ म्हटले तर आपण पगार विचारतो, ‘होडी’ म्हटले तर डोळे वटारतो. मुलीने म्हटले तर? त्याचे उत्तर ‘तारिणी’वरच्या सहा तरुणींनी दिले. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर 2017 मध्ये निघून त्या मे 2018 मध्ये गोव्याला पोहोचल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, आवटी विंचुर्णीत वारले. ‘तारिणी’ 2024 मध्ये पुन्हा प्रदक्षिणेला निघाली. या वेळी तिच्यावर दोघीच होत्या, दिलना आणि रूपा.