कोरी काच, काळे दाणे

या महिन्यात कॉम्प्युटर बाजूला ठेवून आमच्या बोक्याबद्दल लिहितोय.

ऐन पावसात मुळगावच्या घरी तो दोन दिवस एका कोपऱ्यात बसून होता. बांगड्याचं डोकं समोर ठेवलं तरी ढुंकून बघेना. आई म्हणाली, "गारठला असेल." मी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी फारच कमी, पण जंतू दिसला नाही. मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "दिसला नाही म्हणजे नाहीच, असं या जंतूचं नसतं."

त्यांचा संशय मायकोप्लाझ्मा हीमोफेलिसवर होता. हा जीवाणू तांबड्या पेशीला बाहेरून चिकटतो. एखाद्या दिवशी काचेवर गर्दी, काही दिवसांनी एकही नाही, मग पुन्हा हजर. टेस्टिंगवाल्यासमोर कधीच न येणारा बग आठवला! त्यात रक्त नळीत बराच वेळ राहिलं तर तो पेशींवरून सुटून जातो. प्रयोगशाळेत वाढवून बघावा, तर तिथे तो वाढत नाही.

म्हणून पीसीआर. कोविडमुळे हा शब्द घराघरात पोचला. कॅरी मुलिस यांना त्यासाठी १९९३चं नोबेल मिळालं होतं. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा दरफेरीला दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. मात्र नमुना औषधाआधी घ्यावा, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं.

मग पिसवा. हा जंतू त्यांच्यामार्फत पसरतो असा संशय आहे. बोक्यांच्या मारामाऱ्यांवरही आहे. पिसू हाती लागत नाही, तिची विष्ठा लागते. बोक्याला विंचरून निघालेले काळे दाणे मी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले. भोवती तांबूस डाग पसरले. ते पचलेलं रक्त. "आपल्याकडे मातीच लाल," आई म्हणाली. शेजारी अंगणातली चिमूटभर माती टाकली, तिचा नुसता चिखल झाला. तेव्हा तिला पटलं.

ही विष्ठा माणसालाही नडते. बार्टोनेला हेन्सेले नावाचा दुसरा जीवाणू तिच्यातून मांजराच्या नखांत येतो. मांजर बहुधा ठणठणीत असतं, पण ओरखड्यातून तो आपल्या अंगात शिरला की काखेत गाठ आणि ताप येऊ शकतो. आईच्या मनगटावर ओरखडे होतेच. साबणाने धुऊन आम्ही आमच्या डॉक्टरांना दाखवले. सुदैवाने काही निघालं नाही.

एक सांगून ठेवतो. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराच्या जिवावर बेततं.

रिपोर्टमध्ये जंतू सापडला. गोळी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून मागून सिरिंजने थोडं पाणी पाजतो. आठवड्याने हिरड्यांवर गुलाबी छटा दिसली. गोळ्या अजून चालू आहेत, आणि बोका आता मला चावण्याइतका सुधारलाय.